आधी रुमाल टाकेल त्याची जागा? ओएसपीएफमधली डीआरची निवड मला पटत नाही

केळीपट्टा

मंडळी, आधी काय झालं ते सांगतो, मग भांडू.

आमच्या संस्थेच्या सहा जागा: जळगाव, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, चोपडा. लाइन देणाऱ्याने सगळ्यांना एकाच व्हीएलॅनवर आणून ठेवलंय. म्हणजे सहाही राउटर एकाच स्विचला लावल्यासारखे एकमेकांना दिसतात. वर ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायचा प्रोटोकॉल. त्यात एका लाइनवरच्या राउटरांतून एक म्होरक्या ठरतो तो डीआर, त्याचा राखीव तो बीडीआर, बाकीचे डीआरअदर. त्या निवडीसाठी प्रत्येकाला प्रायॉरिटी देता येते. जळगावचा राउटर नवा आणि दणकट, म्हणून त्याला प्रायॉरिटी २०० दिली. बाकीच्यांना हात लावला नाही, सगळे डिफॉल्ट १ वर. डीआर जळगावच होणार, यात मला शंकाच नव्हती.

मग मे महिन्यातलं वादळ आलं. केळी आडवी झाली, तारा तुटल्या, वीज सगळीकडची एकदम गेली. पहाटे वीज आली तेव्हा रावेरचं जुनं डबडं दीड मिनिटात उठून बसलं. त्याच्यामागून यावल. जळगावचा पैलवान आळोखेपिळोखे देत सहा मिनिटांनी उठला. बघतो तर रावेर डीआर, यावल बीडीआर, आणि आमचा २०० वाला डीआरअदर म्हणून मागच्या बाकावर. दुपारी रावेरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली, तर डीआर कोण झालं? यावल! तेही डबडंच.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रायॉरिटी द्यायची सोय केलीय ना? मग जास्त प्रायॉरिटीचा आला की कमीवाल्याने उठावं. पॅसेंजरच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत नेटवर्कमध्ये कशाला? आयएस-आयएस या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये मोठा आला की लहान उठतो. ओएसपीएफलाच काय धाड भरली?

भुसावळ_यार्ड

भाऊ, चूक तुमच्या अपेक्षेत आहे, प्रोटोकॉलमध्ये नाही.

हे विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम केलेलं आहे. जॉन मॉय यांनी लिहिलेला आरएफसी २३२८, म्हणजे ओएसपीएफची नियमावली, एप्रिल १९९८ चा. त्यात स्वच्छ लिहिलंय की नव्याने आलेल्या राउटरला आधीचा डीआर दिसला, तर स्वतःची प्रायॉरिटी कितीही असो, त्याने तो मान्य करायचा. यामुळे डीआर कोण होईल ते आधी सांगणं अवघड जातं, पण डीआर कमी वेळा बदलतो, हेही तिथेच कबूल केलंय. म्हणजे सौदा उघड्यावर झालेला आहे.

सौदा का, ते बघा. सहा राउटर आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी पूर्ण डेटाबेस जुळवायचा म्हटलं तर १५ जोड्या. डीआर आणि बीडीआर ठेवले की ९. सहाला फार फरक वाटत नाही, पण दहा राउटर घ्या: ४५ विरुद्ध १७. बाकीचे आपापसात टू-वेवर थांबतात, फक्त रामराम. आता डीआर बदलला की नव्या माणसाशी प्रत्येकाने नव्याने डेटाबेस जुळवायचा, त्याने त्या सेगमेंटचा नेटवर्क एलएसए (या लाइनवर कोण कोण आहे याची नोंद) नव्याने काढायचा, आणि एरियातल्या झाडून सगळ्या राउटरांनी एसपीएफचं, म्हणजे जवळचा रस्ता शोधायचं, गणित पुन्हा मांडायचं. तुमचा पैलवान दर वेळी डुलकी काढून आला की एवढा राडा हवा का?

उलट समजा जळगावचाच पॉवर सप्लाय ढिला आहे. २०० च्या जोरावर तो येतो, खुर्ची घेतो, पडतो. पुन्हा येतो, पुन्हा घेतो. तुमच्या नियमाने सगळ्यांची झोप उडेल. आत्ताच्या नियमाने तो एकदाच पडतो आणि मग गपगुमान बसतो.

साक्रीचा_पोरगा

सर, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध असेल. डीआर म्हणजे भुसावळ जंक्शनसारखं का? मुंबईकडच्या, नागपूरकडच्या, इटारसीकडच्या गाड्या तिथूनच जातात, तसं सगळं ट्रॅफिक डीआरमधून जातं ना? मग दणकट राउटरच डीआर हवा, केळीपट्टा सरांचं बरोबर आहे.

अमळनेरी_आप्पा

आरे भो, जंक्शन नही ना! गाडी तठून जातच नही. डीआर म्हंजे गावना कोतवाल शे, फक्त दवंडी देस.

बाकीच्यांसाठी मराठीत सांगतो. चोपड्याहून सावद्याला फाइल चालली तर ती थेट सावद्याच्या राउटरकडे जाते. डीआर रावेर असो नाहीतर जळगाव, फाइल त्याच्या उंबऱ्यालाही लागत नाही. डीआरचं काम बातमी फिरवायचं. कुणाची लाइन पडली की तो राउटर २२४.०.०.६ या पत्त्यावर कळवतो. तिथे फक्त डीआर आणि बीडीआर कान देऊन असतात. मग डीआर तीच बातमी २२४.०.०.५ वर सगळ्यांना ऐकवतो. दवंडी पिटायला पैलवान लागत नाही, जागेवर असणारा माणूस लागतो.

आणि ‘निवडणूक’ या शब्दानेही घोळ होतो. इथे मत कुणी देत नाही. राउटर एकमेकांना सारखं पाठवतात त्या हॅलो पॅकेटमध्ये प्रत्येकाची प्रायॉरिटी, राउटर आयडी (ओळख क्रमांक) आणि तो कुणाला डीआर-बीडीआर मानतो हे असतं. तीच यादी, तोच नियम, म्हणून प्रत्येकाने घरबसल्या केलेल्या गणिताचं उत्तर एकच येतं. गंमत म्हणजे गणितात आधी बीडीआर ठरतो, मग डीआर. कुणीच स्वतःला डीआर म्हणवत नसेल तर ठरलेला बीडीआरच वर सरकतो. आधी उपसरपंच, मग सरपंच!

केळीपट्टा

आप्पा, दवंडीचं पटलं.

पण भुसावळवाले भाऊ, ‘मुद्दाम केलंय’ हे उत्तर होत नाही. मुद्दाम केलेलंही चुकतं. गावात सगळ्यांची वीज एकदम जाते तेव्हा काय, याचा विचार तुमच्या सौद्यात कुठे आहे? तिथे गुणवत्ता बघतच नाहीत, कुणाचं बूट होणं लवकर होतं ते बघतात. आणि जुनी, लहान डबडी कायम लवकर उठतात! म्हणजे दर वादळानंतर सगळ्यात कमजोर राउटर खुर्चीवर. याला स्थैर्य म्हणायचं?

तापीकाठ

मी शिरपूरची, सध्या पुण्यात एका मोठ्या नेटवर्कवर काम करते. आमच्याकडे गाभ्यात आयएस-आयएसच आहे, म्हणून त्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे.

केळीपट्टा दादा, तुम्ही अर्धंच सांगितलंत. तिथे डीआरला डीआयएस म्हणतात आणि मोठा आला की तो खरंच खुर्ची घेतो. डिफॉल्ट प्रायॉरिटी ६४, वरची मर्यादा १२७, बरोबरी झाली तर मोठा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) जिंकतो. पण तिथे बॅकअपच नाही! आणि प्रायॉरिटी ० दिली तरी राउटर बाद होत नाही, फक्त रांगेत शेवटी जातो. ओएसपीएफमध्ये ० म्हणजे कायमचा बाहेर.

मग तिथे उठाबशा का परवडतात? कारण आयएस-आयएसमध्ये एका लॅनवरचे सगळे राउटर एकमेकांशी आधीच जोडलेले असतात. डीआयएस गेला म्हणून कुणाची जोडणी तुटत नाही. तो फक्त दर १० सेकंदांनी ‘माझ्याकडे एवढं एवढं आहे, कुणाचं काही राहिलंय का’ अशी यादी वाचून दाखवतो. वाचणारा बदलला तर बिघडतं काय? शिवाय तो स्वतः इतरांपेक्षा तिप्पट वेगाने हॅलो पाठवतो, त्यामुळे तो मेला तर लवकर कळतं. ओएसपीएफमध्ये पूर्ण जोडणी डीआर-बीडीआरशीच असते, म्हणून तिथे खुर्ची बदलणं महाग आणि म्हणूनच बॅकअप आधीपासून तयार ठेवलेला. एकाचा नियम उचलून दुसऱ्यात टाकता येत नाही. शेवभाजीचा मसाला चहात घालण्यातला प्रकार.

तरीही दादांच्या एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे. नाव ‘प्रायॉरिटी’ ठेवलंय हेच फसवं आहे. ती फक्त खुर्ची रिकामी असताना चालते. राउटर उठल्यावर वाट बघतो तो वेळ ४० सेकंद, तेवढ्यात जे हजर असतील त्यांच्यातच तुलना. नवशिक्या हमखास फसतो. मीही फसले होते, आणि तेही मुलाखतीत.

धुळेकर_नाना

एवढी चर्चा वाचून मला एकच कळेना. निवडणूक घेताच कशाला?

सहा गावं एका व्हीएलॅनवर ठेवणं हीच मूळ खोड. जळगावहून प्रत्येक गावाला वेगळा व्हीएलॅन द्या, दोन्ही टोकांना पॉइंट-टू-पॉइंट (दोघांचीच लाइन) लिहा, विषय मिटला. डीआर नाही, बीडीआर नाही, ४० सेकंदांची वाट नाही, नेटवर्क एलएसए नाही. दोनच राउटर समोरासमोर असताना इथरनेट आहे म्हणून डीआर निवडणारे महाभाग मी रोज बघतो. दोन माणसांच्या घरात ग्रामसभा भरवतात!

भुसावळ_यार्ड

नाना, सगळ्यांना तसा व्हीएलॅन मिळतोच असं नाही. लाइन देणारा जे देईल ते घ्यावं लागतं.

धुळेकर_नाना

मागितलं का कधी? मागितल्याशिवाय आई पण वाढत नाही.

अमळनेरी_आप्पा

केळीपट्टा भाऊ, तुमच्या गोष्टीत एक राहून गेलं. दुपारी रावेर पडलं, यावल डीआर झालं. मग बीडीआर कोण झालं? जळगाव! कारण बीडीआरची जागा रिकामी होती आणि तिथे तुमचे २०० कामाला आले. आता यावल एकदा पडू द्या, जळगावचंच राज्य. दोन मरणांत तुमचा पैलवान वर येतोच.

दुसरं. वीज न जाता नुसता मधला स्विच मेला असता तर चित्र वेगळं असतं. प्रत्येक राउटर एकटा पडून स्वतःलाच डीआर म्हणवून घेतो. स्विच परत आला की एका गावात सहा सरपंच! तेव्हा दावा करणाऱ्यांत ज्याची प्रायॉरिटी मोठी तो टिकतो, बाकीचे मुकाट उतरतात. म्हणजे खुर्ची कधीच काढून घेता येत नाही असंही नाही. दोघं बसलेले असतील तर मोठाच राहतो. उभा असलेला मोठा मात्र बसलेल्याला उठवू शकत नाही.

केळीपट्टा

हे शेवटचं वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर धागाच काढला नसता. तरी वादळाचा मुद्दा तसाच राहतो, आप्पा. ‘दोन मरणांत वर येतो’ याचं समाधान मानायचं म्हणजे यावलची बॅटरी बसायची वाट बघत बसायचं.

म्हणून काल रात्री केलं ते असं: रावेर, यावल, फैजपूर, सावदा या चौघांची प्रायॉरिटी ०. चोपड्याला धड यूपीएस आहे, त्याला १००. जळगाव २००. आता वीज कशीही येऊ दे, रुमाल टाकणारे चौघं स्टँडवरच.

भुसावळ_यार्ड

चांगलं केलंत. फक्त वादळानंतर जळगाव आणि चोपडा दोन्ही अंधारात राहिले तर? उरलेले चौघंही ० वर, डीआर कुणी होणारच नाही. सगळे टू-वेवर अडकतील, रावेरला यावलचा रस्तासुद्धा कळणार नाही.

केळीपट्टा

सर्व्हर जळगावलाच आहेत भाऊ. जळगाव अंधारात असेल तर रावेरने यावलशी काय बोलायचं?

धुळेकर_नाना

केळीचा भाव.