वीस रुपयांत भरलेलं कार्ड: फुकटची गाणी आणि मामांच्या सीडी

वाटसरू:
जुना मोबाइल आवरताना मेमरी कार्ड सापडलं. २०११ च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर वीस रुपयांत कार्ड गाण्यांनी भरून मिळायचं. आत फोल्डर होते: 'भीमगीते', 'लावणी', 'जुनी मराठी'. प्रत्येक गाण्यापुढे कुठल्यातरी वेबसाइटचं नाव चिकटवलेलं. गायकाचं नाव एकावरही नाही.

त्यात दोन गाणी माझ्या मामांची निघाली.

मामा भीमगीतं गातात. कर्ज काढून स्टुडिओ भाड्याने घेतला, स्वतःच सीडी काढली आणि ६ डिसेंबरला गठ्ठा घेऊन चैत्यभूमीच्या बाहेर बसले. मी शेजारी होतो. एक पोरगा आला, "मामा, तुमची सगळी गाणी आहेत माझ्याकडं" म्हणत त्याने मोबाइलवर वाजवून दाखवलं, पाया पडला आणि गर्दीत गेला. मामा त्याच्याकडे बघून हसले. परतीच्या गाडीत मात्र बोलले नाहीत. उरलेल्या सीडी अजून माळ्यावर आहेत.

त्या पोराला मी चोर म्हणणार नाही, माझंही कार्ड तसंच भरलेलं होतं. पण ते चूक होतं असं मला आज ठामपणे वाटतं. तुमचं काय मत?

परभणीकर:
जय भीम वाटसरू. मामांबद्दल वाईट वाटलं, तरी मी सहमत नाही. आमच्याकडे बहुतेक गायकांना कॅसेट कंपनीने एकदाच रक्कम हातावर ठेवली, कागदावर सही घेतली, विषय संपला. पुढे लाख कॅसेट खपल्या तरी गायकाला दमडी नाही. मग मी विकत घेऊन कुणाचं घर भरायचं? उलट गाणं गावोगावच्या कार्डांत गेलं म्हणून जयंतीच्या सुपाऱ्या मिळाल्या. आमच्या गावात कार्यक्रम ठरवताना पोरं मोबाइलवर गाणं लावूनच म्हणायची, "ह्यांनाच बोलवू."

रेवती_ठाणे:
एकरकमी रकमेचा मुद्दा जुन्या करारांपुरता बरोबर. पण २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा आता करारात लिहून दिला तरी जात नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला होता. व्यावसायिक वापरात गायकालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. मात्र हा पैसा येतो तो गाणं कुठे, किती वाजलं या हिशेबातून. दुकानदाराने कार्डात टाकलेली फाइल हजार वेळा वाजली तरी ती कुठल्याच हिशेबात नाही. आणि ते वीस रुपये दुकानदाराने घेतलेच ना? म्हणजे फुकट नव्हतंच ते. पैसे दिले गेले, चुकीच्या हातात.

तबकडी:
सगळं एकाच मापाने मोजू नका. मी लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या जमवतो. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, धुऊन पुसून सुई लावायची, मग संगणकात घ्यायचं. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. १९६४ पर्यंत निघालेली मुद्रणं आता मोकळी आहेत. पण शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत राखीव. तबकडी मोकळी, गाणं बांधलेलं! ज्या तबकड्या कुणी परत बाजारात आणत नाही, त्या आम्ही वाटल्या नाहीत तर आवाजच नाहीसे होतील. मी वाटतो आणि वाटत राहीन.

नावावरून आठवलं. गायिका गौहर जानने १९०२ साली कोलकात्यात तबकडी भरली, तेव्हा शेवटी स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, तिथल्या माणसाला लेबलवर काय लिहायचं ते कळावं म्हणून. त्या काळी नाव आवाजातच असायचं, आणि तुमच्या कार्डात ते कुठेच नाही, हे फार लागलं.

परभणीकर:
रेवतीताई, दुकानदाराचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण अकरावीतल्या पोराने करायचं काय? गावात सीडीचं दुकान नव्हतं, घरी सीडी प्लेअर नव्हता, बँकेचं कार्ड नव्हतं. बाबासाहेबांवरचं गाणं पैसे नाहीत म्हणून ऐकायचं नाही, हे मला अजूनही पटत नाही. वाटसरू, मामांची गाणी आज रीतसर कुठे मिळतील? मी पैसे देतो.

वाटसरू:
कुठेच नाही, माळ्यावरचा गठ्ठा सोडला तर. काल मामांना फोन केला. एका यूट्यूब चॅनलवर त्यांची चार गाणी आहेत, मध्ये जाहिराती लागतात. चॅनल कुणाचं, मामांना माहीत नाही. "चाललंय ना गाणं, चालू दे," म्हणाले. मला ते चालू द्यायचं नाही. गाणी मामांनीच काढली हे दाखवायला कागद हवा. स्टुडिओ बंद झालाय, पण पैसे भरल्याची पावती मामींच्या पत्र्याच्या पेटीत असेल म्हणतात. रविवारी जाऊन शोधतो. परभणीकर, येताना तुमच्यासाठी एक सीडी आणतो. पत्ता निरोपात कळवा.