मदत हवी आहे: आत्याच्या यजमानांना तुमच्याकडे काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. लेकीसाठी नात्यांचा तक्ता करतेय आणि ‘मामा’पाशी अडकलेय. आईचा भाऊ मामा, हे सरळच. पण मी सासऱ्यांनाही मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. जुन्या बायकांच्या तोंडी ‘मामंजी’ असायचं. पूर्वी मामाची मुलगी करून घ्यायचे, म्हणजे मुलीची सासू तिची सख्खी आत्याच! हाक तिथूनच आली असावी. काल लेक तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, “आई, आजोबा तुझे मामा कसे गं?” मला धड सांगता येईना.

आता आत्याचे यजमान: माहेरी आम्ही त्यांना काका म्हणतो, सासरी मामा म्हणतात. कुठे ‘आतोबा’ही ऐकलंय. तुमच्या घरात कोणती हाक आहे? जिल्ह्यासकट सांगाल का? मला ते तक्त्यात नीट लिहायचंय.