१९७० ची प्लिमथ डस्टर गाडी घरीच चालती करायचीये, पूर्ण न उघडता. सुरुवात कुठून?

मिशिगनकर:
मंडळी, मी डेट्रॉइटजवळ राहतो, नुकतीच १९७० ची डस्टर घेतलीये. ३१८ घनइंची व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बरीच वर्षं एका आजोबांच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन हाताने फिरतंय, रंग जागोजागी उडालाय, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं की खाली सरळ जमीन दिसते. शोमध्ये वगैरे ठेवायची नाहीये, पुढच्या ऑगस्टमध्ये इथल्या जुन्या गाड्यांच्या फेरीला, वुडवर्ड ड्रीम क्रूझला, स्वतः चालवत नेता आली तरी पुष्कळ. डावीकडच्या चाकांचे नट मात्र काही केल्या सुटत नाहीयेत, तेल मारून रात्रभर ठेवलं, पान्याला पाइप लावून लोंबकळलो, तरी ढिम्म. बायकोला स्नो पडायच्या आत गॅरेज मोकळं हवंय, तेव्हा जरा लवकर सांगा.

नटबोल्ट:
थांब भावा, स्टड मोडशील! क्रायस्लरच्या गाड्यांना (प्लिमथ त्यांचीच) १९७० पर्यंत डाव्या बाजूला उलटे आटे असायचे. स्टडच्या तोंडावर ब्रश मार, एल अक्षर दिसेल. घट्ट करतो तसा फिरव, सुटेल.
आणि इंजिनच्या नादी नंतर लाग, आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होस, लाइनी, सगळं नवीन टाक, हे पार्ट फार महाग नाहीत. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं म्हणून ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, ओलं करून पुसायचं. डिस्क टाक म्हणून बरेच जण सांगतील, १९७३ नंतरच्या डस्टरचे बसतात पण, फक्त त्यांचं बोल्ट सर्कल (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात ते) साडेचार इंची आणि तुझं चार इंची, म्हणजे पुढे एक रिम, मागे दुसरी, आणि स्पेअर फक्त पुढे किंवा फक्त मागे चालणार.

टेक्सासचे_अण्णा:
३१८ काय ठेवतोस, ३४० शोधून टाक की, २७५ हॉर्सपॉवर! बाहेरून ३४० वाले पट्टे मार, कुणाला कळतंय.

नटबोल्ट:
अण्णा, ज्याला कळायचं त्याला काचेतून डॅशवरचा व्हीआयएन (गाडीचा कारखान्याचा नंबर) वाचून कळतं, पाचवं अक्षर जी असेल तर ३१८, एच असेल तर ३४०. आणि ३१८ चे २३० काय कमी आहेत का, तेही दोन्ही त्या काळचे ग्रॉस आकडे, म्हणजे नुसतं इंजिन बाहेर ठेवून मोजलेले. क्रूझला तासभर फर्स्ट गिअरमध्ये रांगायचंच असतं.
@मिशिगनकर सातवं अक्षर बी आहे का बघ, असेल तर गाडी तुझ्या शेजारच्या हॅमट्रॅमॅकमध्येच बनलीये. तो कारखाना १९८० ला बंद पडला.

ओहायोची_काकू:
वायरिंगचं कुणीच बोललं नाही?? या गाड्यांमध्ये चार्जिंगचा सगळा करंट फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कनेक्टरमधून आत डॅशवरच्या अँमीटरला, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरला, जातो आणि तसाच परत बाहेर येतो. पन्नास वर्षांनी त्या पिना काळ्या पडतात, गरम होतात, प्लास्टिक वितळतं, आणि कधीकधी गाडीच पेटते. बॅटरीची वायर काढून ठेव आणि तो कनेक्टर उपसून बघ. अल्टरनेटरपासून स्टार्टर रिलेपर्यंत बाहेरून जाड वायर टाकायची, फ्युजिबल लिंक (करंट जास्त झाला की वितळून तुटणारा वायरचा तुकडा) लावून, आणि अँमीटर बायपास करून व्होल्टमीटर बसवायचा. आमच्याकडच्या गाडीला हेच केलंय.
आणि पत्रा शिवायच्या आधी वायपरखालच्या जाळीत होसने पाणी सोड, डॅशखाली टॉर्च घेऊन कुणाला तरी झोपव. बहुतेक वेळा पाणी तिथून नाहीतर काचेच्या रबरातून गळत असतं, ते बंद केलं नाहीस तर नवीन पत्रा पण सडेल. खाली वेगळी चेसी नाहीये, फ्लोअरच गाडीचा सांगाडा, तेव्हा रिबिटा मारून वर फायबर चोपडायचं काम करू नकोस. वेल्डिंगच कर, आणि पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार जिथे अडकतात तो आडवा मेंबर सडला असेल तर तेवढं काम दुकानात दे. बाहेरचा रंग आहे तसा राहू दे, छान दिसतो.

मिशिगनकर:
नट सुटले!!! बायको हसतेय अजून. व्हीआयएनमध्ये जी आणि बी दोन्ही आहेत. कनेक्टर उपसला, दोन पिना चॉकलेटी झाल्यात आणि एका बाजूचं प्लास्टिक फुगलंय, बॅटरी काढून ठेवलीये. काकू, वायर किती गेजची टाकलीत?

ओहायोची_काकू:
आठ. लिंक त्याहून चार नंबर बारीक, म्हणजे बारा. आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये गाडीला काय काय लावायचं ते लिहिलेला कारखान्याचा कागद अडकलाय का बघ, उंदरांनी ठेवला असेल तर.