१० वर्षांच्या मुलाला आत्ताच सॉकरच्या प्री-अकॅडमीत टाकावं का? (न्यू जर्सी)

ओवी_एनजे

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येते. मुलगा नोव्हेंबर २०१५ चा, चौथीत आहे, आमच्या टाउनच्या सॉकरच्या (म्हणजे आपला फुटबॉल) ट्रॅव्हल टीममध्ये (दुसऱ्या गावांशी मॅच खेळणारी निवडक टीम) खेळतो. मागच्या आठवड्यात मित्राबरोबर सहज एका मोठ्या क्लबच्या ट्रायआऊटला (निवड चाचणीला) गेला आणि ह्याचं सिलेक्शन झालं, मित्राचं नाही झालं (त्यावरून शेजारी जे रामायण चालू आहे ते वेगळंच). ह्या क्लबच्या मोठ्या मुलांच्या टीम एमएलएस नेक्स्टमध्ये (देशातल्या मुलांच्या वरच्या लीगपैकी एक) खेळतात, ह्या वयाच्या टीमला ते प्री-अकॅडमी म्हणतात. आठवड्यात तीन प्रॅक्टिस, शिवाय वीकेंडला मॅच, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एका बाजूने पाऊण तास. फी साडेतीन हजार डॉलर, युनिफॉर्म आणि बाहेरगावच्या टूर्नामेंटची हॉटेलं वेगळी. ईमेलमध्ये लिहिलंय की ४८ तासांत डिपॉझिट भरा नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

नवरा म्हणतो आत्ता नाही घातलं तर पुढे कोणी विचारणार नाही, बाकीची मुलं पुढे निघून जातील. मला वाटतं दहाव्या वर्षी एवढं कशाला, हिवाळ्यात तो बास्केटबॉल खेळतो ते बंद होणार, रविवारची मराठी शाळा तर गेलीच समजा. मुलाला विचारलं तर हो म्हणतो, पण का रे बाबा विचारलं तर म्हणे त्यांची जर्सी भारी आहे. सासूबाई इथे आल्यात, त्यांचं मत की पोराला जेवायला वेळ कधी मिळणार. तर नेमकं कुठल्या वयात घालावं? ज्यांची मुलं ह्यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा.

सेंटरबॅकचा_बाबा

आम्ही पण जर्सीतच, दोन मुलं ह्याच चक्कीतून गेलीत म्हणून जरा लांबड लावतो.

पहिलं म्हणजे ते ४८ तास. सगळे क्लब लिहितात ते. फोन करून सांगा आम्हाला आठवडा हवाय, मुलगा खरंच हवा असेल तर देतात.

दुसरं, एमएलएस नेक्स्ट ही लीग यू-१३ (१३ वर्षांखालची मुलं) पासून सुरू होते. तुमचा मुलगा पुढच्या सीझनला यू-११, म्हणजे ९ विरुद्ध ९, छोटं ग्राउंड. त्या वयात प्री-अकॅडमी नाव असलं तरी बरेचदा ईडीपीसारख्या प्रादेशिक लीगमध्येच खेळतात, कदाचित तुमच्या टाउनच्या टीमला पण तीच लीग मिळेल. तेव्हा आत्ता तुम्ही पैसे देताय ते लीगचे नाहीत, कोचचे आणि आजूबाजूच्या मुलांचे. मग यू-११ चा कोच कोण आहे, तो ह्या वयाला किती वर्षं शिकवतोय, एका वेळी किती मुलांना घेतो ते बघा. क्लबचा डायरेक्टर ट्रायआऊटच्या दिवशी छान बोलतो आणि मग वर्षभर दिसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमचा मुलगा नोव्हेंबरचा आहे. २०१६-१७ पासून इथे वयाचा हिशोब जानेवारी ते डिसेंबर होता, म्हणजे आत्तापर्यंत तो २०१५ च्या मुलांत जवळजवळ सगळ्यात लहान. २०२६-२७ पासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर, एवायएसओ ह्या मुलांच्या सॉकरच्या सगळ्या संस्था १ ऑगस्ट ते ३१ जुलै वर जातायत. त्यामुळे एका रात्रीत तुमचा मुलगा त्याच्या गटात मोठ्यांपैकी झाला! ट्रायआऊट नव्या हिशोबाने झाली असेल तर तो उठून दिसला ह्यात थोडा वाटा त्याचाही आहे. कमी लेखत नाहीये हं, लहान असताना मोठ्यांत टिकला म्हणजे खेळ आहे त्याच्यात. पण यू-१३ ला क्लब त्याला ज्या टीममध्ये टाकणार तिथे कटऑफ कोणता लागेल हे आत्ताच विचारून घ्या, कारण तिथे जन्मवर्षाचा हिशोब राहिला तर तो परत सगळ्यात लहान होईल, आणि तेरा वर्षांच्या मुलांत एकाला मिशा फुटलेल्या असतात आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो. आमच्या धाकट्याला त्याच वयात बेंचवर बसवलं होतं, उंची वाढल्यावर तेच कोच गोड बोलायला लागले.

आणि नवऱ्याला सांगा, दारं बंद वगैरे काही होत नाही. दर वर्षी मे महिन्यात ट्रायआऊट असतात आणि दर वर्षी हे लोक रोस्टर (टीममधल्या मुलांची यादी) हलवतात. जे आज घेतात तेच पुढच्या वर्षी काढतात. रेड बुल्स किंवा फिलाडेल्फिया युनियन ह्या प्रोफेशनल क्लबची स्वतःची अकॅडमी ही वेगळी गोष्ट, तिथे फी नसते, ते पैसे घालून मुलं घडवतात. तुमच्याकडे चेक मागणारा क्लब म्हणजे ते नव्हे.

टाच_घोटा_गुडघा

मी मिशिगनला फिजिकल थेरपिस्ट आहे. सॉकरमधलं मला फार कळत नाही, पण सॉकरची मुलं मात्र रोज बघते.

ओवी, बास्केटबॉल बंद करू नका एवढं एक माझं ऐका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं आहे की एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो १५-१६ पर्यंत लांबवावं, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून लांब (सलगच हवं असं नाही, एकेक महिना केलं तरी चालतं). आमच्यात अजून एक सोपा हिशोब वापरतात, मुलाचं वय जेवढं त्याहून जास्त तास आठवड्यात ऑर्गनाइज्ड खेळ नको. म्हणजे तुमच्याकडे दहा. तीन प्रॅक्टिस आणि दोन मॅच यात बसेल कदाचित, पण मग वर कोणी प्रायव्हेट ट्रेनर लावला, फुटसाल (इनडोअर छोटा फुटबॉल) लावलं, की गेलं. आणि लावतात हो, कारण टीममधल्या बाकीच्यांनी लावलेलं असतं.

ह्या वयात टाच दुखते म्हणून खूप मुलं येतात, सीव्हर्स म्हणतात त्याला, टाचेच्या वाढीच्या भागावर ताण येतो. जरा मोठी झाली की गुडघ्याखाली ऑसगुड-श्लाटर. दोन्ही बरं होतं, पण विश्रांती लागते, आणि नेमकी तीच विश्रांती द्यायला आईबाप तयार नसतात कारण शनिवारी "महत्त्वाची मॅच" असते. दहा वर्षांच्या मुलाची महत्त्वाची मॅच!! तुम्ही कोचला एवढंच विचारा की माझा मुलगा दुखतंय म्हणाला तर तुम्ही काय करता. उत्तर द्यायच्या आधी तो किती वेळ घेतो ते बघा.

हेडिंगचा (डोक्याने बॉल मारायचा) नियम माहीत असेलच, १० आणि त्याखालच्यांना बंदी, ११ ते १३ ला प्रॅक्टिसमध्ये मर्यादित. यूएस सॉकरने २०१५ मध्येच आणलाय. क्लब पाळतो का बघा.

पेठेतला

कोल्हापूरहून लिहितोय, राग मानू नका. साडेतीन हजार डॉलर म्हंजे इकडं अख्खी तालीम (आमच्याकडं फुटबॉलच्या टीमला तालीम म्हणत्यात) वर्षभर खेळंल. आमच्यात पोरगं शाळा सुटली की गांधी मैदानात, अंधार पडून बॉल दिसेना झाला की घरात. कोच नाही, प्रॅक्टिसला मांडायचे कोन नाहीत, मोठी पोरं खेळवून घेत नाहीत म्हणून बारकी कडंला उभी राहून शिकत्यात आणि एक दिवस कोणतरी कमी पडलं की घुसत्यात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी ह्या दोन टीमची मॅच लागली की निम्मं गाव तिथं. ताई, तुमच्याकडं असं मोकळं खेळायला कुठं मिळतं का ते आधी बघा. आठवड्यात तीन दिवस कोच सांगतोय आणि बाकी दिवस गाडीत बसून जातोय, मग पोरगं स्वतःच्या मनानं बॉलशी खेळणार कधी?

पण हे पण खरं की एका टप्प्याला बाहेर पडावंच लागतं. आमचा अनिकेत जाधव, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, तो लहानपणीच घर सोडून पुण्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. गल्लीत राहून ते झालं नसतं. माझं म्हणणं येवढंच, पोरग्याला आहे तिथं समोर टक्कर द्यायला कोण उरलं नाही असं झालं की हलवा. तुमच्या टाउनच्या टीममध्ये तसं झालंय का? तुम्ही कुठं लिहिलंच नाही ते.

डॅलस_डॅडी

मी जरा उलट बोलतो. आमच्या मुलीला नवव्या वर्षीच क्लबमध्ये घातली, आता ईसीएनएलमध्ये (ही पण एक वरची लीग) खेळते आणि आम्हाला तरी एकदाही नको होतं असं वाटलं नाही. पेठेतले दादा म्हणतात तेच कारण, आमच्या रेक (निव्वळ हौसेच्या) टीममध्ये ती एकटी पळायची, बाकीच्या मुली फुलं तोडत बसायच्या, ती रडत घरी यायची की मला कोणी पास देत नाही. नव्या टीममध्ये गेल्यावर सगळ्यात कच्ची होती आणि तरी खूश, हे बघून आमचं उत्तर मिळालं. आपली देशी मंडळी कधीकधी उगाच "बालपण हरवेल" करतात आणि त्याच मुलाला कुमॉन, स्पेलिंग बी आणि मॅथ सर्कलला मात्र बिनदिक्कत घालतात, ते एक मला कळत नाही.

फक्त कॉलेजच्या आशेने घालू नका. मुलांच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) सॉकरला पूर्वी अख्ख्या टीममध्ये मिळून ९.९ स्कॉलरशिप असायच्या, त्या वाटून वाटून द्यायचे. २०२५ पासून नियम बदललेत, सेटलमेंटमध्ये (कॉलेज खेळाडूंच्या कोर्ट केसमधली तडजोड) आलेल्या कॉलेजना तो आकडा नाही पण रोस्टर २८ वर बांधलाय, आणि त्यात मुलांच्या टीममध्ये बाहेरच्या देशातली पोरं भरपूर असतात. साडेतीन हजार गुणिले आठ वर्षं, अधिक हॉटेलं, एवढे ५२९ (कॉलेजसाठीचं बचत खातं) मध्ये टाकलेत तर जास्त निघतील. आम्ही हे पैसे मजेचे म्हणून लिहून टाकलेत.

अजून एक, पुढे त्याला हायस्कूल टीमकडून खेळायचं असेल तर आत्तापासून लक्षात ठेवा, एमएलएस नेक्स्टच्या वरच्या टीममधल्या मुलांना ते चालत नाही, ईसीएनएलमध्ये चालतं. चौदाव्या वर्षी मित्र सगळे शाळेच्या टीममध्ये असतात तेव्हा हे टोचतं.

ओवी_एनजे

सगळ्यांना खूप थँक्यू! आज क्लबला फोन केला, पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली, आवाजही न चढवता. त्या कटऑफचं विचारलं तर फोनवरच्या बाईंना माहीत नव्हतं, कोचला विचारून सांगते म्हणाल्या. ट्रायआऊट मात्र नव्या हिशोबानेच झाली होती, सेंटरबॅकचे बाबा तुमचं बरोबर निघालं, नवऱ्याने ते वाचून अर्धा तास काही बोलला नाही.

पेठेतले दादा, तुमच्या प्रश्नाने विचारात पडले. नाही हो, टाउनच्या टीममध्ये अजून दोघं-तिघं त्याच्या तोडीची आहेत, एक तर त्याला रोज रडवतो. आणि टाउनचा कोच म्हणाला की सप्टेंबरपासून हवं तर त्याला वरच्या वयाच्या मुलांबरोबर पण आठवड्यातून एकदा खेळवतो. हे मला माहीतच नव्हतं, विचारलं म्हणून कळलं. मंगळवारी क्लबची एक नॉर्मल प्रॅक्टिस करायला बोलावलंय, तिथे मी गाडीत न बसता कडेला उभी राहून बघणार आहे. आत्ताचा कल वर्षभर थांबायचा, पण मंगळवारनंतर बोलू.

सेंटरबॅकचा_बाबा

मंगळवारी तुमच्या मुलाकडे कमी बघा आणि टीममधल्या सगळ्यात कच्च्या मुलाकडे जास्त, त्याच्याशी कोच कसा बोलतो ते बघा. आणि शेवटी हो म्हणालात तर डिपॉझिट परत मिळतं का ते ईमेलवर लेखी मागून घ्या, फोनवर सगळे हो म्हणतात.