पाठीची गोळी अन् सर्दीची गोळी संगं : चालते का?

कपाशीवाला : वेचणीत पाठ धरली, नाक गळून रायलं? झोपताना टिझानिडिनची एक अन् सर्दीची एक, दोन्ही संगं घ्या. मस्त झोप लागते, काही होत नाही. डॉक्टरले पैसे कायले द्यायचे?

औषधवाला : ‘काही होत नाही’ लिहिलं नसतं तर सोडून दिलं असतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. गुंगी दोन्हींची, त्यात टिझानिडिन रक्तदाब उतरवते. रात्री लघवीला झटकन उठला की डोळ्यापुढं अंधारी अन् माणूस ओट्याखाली. टिझानिडिन काही तासांत ओसरते, क्लोरफेनिरामाइन दुसऱ्या दिवशीही अंगात असते. सकाळी फटफटीवर कोण बसणार?

वऱ्हाडी गडी : मंग ओपीडीत दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहून देतात, ते येडे हायेत का? तरण्या माणसाले २ मिलिग्रॅमनं काय होते बाप्पा! अन् पाठीची दुसरी गोळी असते थायोकोल्चिकोसाइड, तिनं तेवढी गुंगी येत नाही.

औषधवाला : ते मान्य. पण तीही ७ दिवसांवर नाही, गरोदर बाईला तर नाहीच. अन् मेडिकलवर ‘पाठीची द्या’ म्हटल्यावर कोणती हाती आली, हे कोणाला कळते?

खरा प्रश्न : कळंल कसं? पट्टी कापून देतात. नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर, गिऱ्हाइकाच्या हाती नुसता चंदेरी कागद.

कपाशीवाला : पुऱ्या पट्टीचे पैसे मजुराच्या खिशात असते तं कापून कोण मागितली असती?

खरा प्रश्न : पुरी घ्या कोण म्हणते? पुडीवर पेनानं नाव लिहायला किती शाई लागते? पाठीच्या गोळीत पॅरासिटामॉल ३२५, सर्दीच्या गोळीत ५००, वरून तापाची ६५०. तीन वेळा घेतलं की ४,४२५ मिलिग्रॅम. धडधाकट माणसाची दिवसाची हद्द ४,०००, त्यावर गेलं की लिव्हरला धोका; रोज दारू पिणाऱ्याची त्याहून कमी.

वऱ्हाडी गडी : विषय गुंगीचा, तुमी लिव्हरवर पोचले!

औषधवाला : पोचू द्या. तुमच्या २ मिलिग्रॅमचंही ऐका. हगवणीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असंल तर टिझानिडिन घ्यायचीच नाही, रक्तातलं प्रमाण दहापट होते. प्रोस्टेटवाल्या म्हाताऱ्याची क्लोरफेनिरामाइननं लघवी अडते. अन् मोहाची घेतली असंल तर दोन्ही गोळ्या डब्यातच ठेवा.

वऱ्हाडी गडी : जिंकले बाप्पा तुमी! मंग सर्दीले का नुसता ओवा हुंगायचा?

औषधवाला : हुंगा की. शिंका, खाज असंल तर फेक्सोफेनाडिनची गुंगी सगळ्यात कमी, सेटिरिझिननं काहींना झोप येते. नुसतं नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब.

फवारणी पंप : एक राहिलं. फवारून आलेला माणूस सुस्त पडला तर ‘गोळीची गुंगी’ म्हणून झोपवू नका. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ, दरदरून घाम, म्हणजे विषबाधा. २०१७ चं यवतमाळ इसरले का? कपडे काढा, अंग साबणानं धुवा, दवाखाना गाठा. अन् गोळीनं असो की विषानं, हाक मारून जागा होत नसंल, श्वास घरघरत असंल तर कुशीवर वळवा, १०८ लावा. तोंडात पाणी ओतू नका.

कपाशीवाला : ‘काही होत नाही’ खोडतो, झालं? पण दवाखान्यात गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते, त्याचं कोणीच बोलून नाही रायलं.

औषधवाला : त्याचा वेगळा धागा काढा.