मदत हवी आहे: लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर सीडी४ कमी आलाय, कॅन्सरच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

होटगी_रोड

जाणकारांची मदत हवी आहे. वडील, वय ५८, मुक्काम सोलापूर. हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस आणि त्यात कॅन्सरच्या दोन गाठी. पुण्यात ट्रान्सप्लांट होऊन १८ महिने झाले. काढलेल्या लिव्हरच्या तपासणीत गाठी २.८ आणि १.९ सेंमी, दोन्हीत जिवंत कॅन्सर, पण रक्तवाहिन्यांत सूक्ष्म शिरकाव नाही. ऑपरेशनच्या वेळी एएफपी (रक्तातली लिव्हर कॅन्सरची खूण) ३४. सुरुवातीला प्रतिकार दाबायला बॅसिलिक्सिमॅब दिलं होतं, एटीजी (टी पेशी संपवणारं जास्त जोरदार औषध) नाही. सध्या प्रतिकार दाबायला टॅक्रोलिमस (टॅक) १.५ मिग्रॅ सकाळी ९ आणि रात्री ९, मायकोफेनोलेट ५०० दोन वेळा, आणि हिपॅटायटिस बीसाठी एन्टेकॅव्हिर ०.५. स्टेरॉइड बंद आहे.

ताजे रिपोर्ट: पांढऱ्या पेशी ३२००, न्यूट्रोफिल ७० टक्के, लिम्फोसाइट १८ टक्के, प्लेटलेट ८८ हजार. सीडी४ (प्रतिकाराच्या टी पेशींचा एक प्रकार) २१९, सीडी८ (दुसरा प्रकार) २४२, गुणोत्तर ०.९. टॅक लेव्हल ११.२. एसजीपीटी ३१, क्रिएटिनिन १.३. सोनोग्राफीत प्लीहा १६ सेंमी. रक्त सकाळी साडेदहाला घरी येऊन घेतलं, दोन्ही नळ्या एकाच बर्फाच्या डब्यातून गेल्या.

सीडी४ इतका कमी म्हणजे कॅन्सर परतण्याचा धोका वाढला असं धरायचं का? टॅक कमी करून एव्हरोलिमस (प्रतिकार दाबणारं दुसऱ्या गटातलं औषध) सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं का? शिवाय एक महागडं 'इम्युनिटी पॅनल' करून घ्या असा आग्रह होतोय. तंबाखूचा मावा सुटलाय, सकाळची मिश्री अजून चालू आहे. पुण्याची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे.

जांभळी_नळी

ताई, आधी त्या ११.२ कडे बघा. हा आकडा तुलनेला धरताच येणार नाही. टॅकची लेव्हल 'ट्रफ' लागते, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याच्या आधी. साध्या गोळीचं रक्तातलं प्रमाण घेतल्यावर १ ते ३ तासांत शिखरावर जातं. नऊची गोळी पोटात आणि साडेदहाला सुई, म्हणजे तुम्ही शिखर मोजलंत. पुण्याच्या फाइलवर हाच आकडा गेला तर डोस विनाकारण कमी होईल. आणि खरी ट्रफ ४-५ च असेल, तर रिजेक्शनला (शरीराने नवं लिव्हर नाकारण्याला) दार उघडं.

सॅम्पल परत द्या. रात्री ९ ला गोळी, सकाळी पावणेनऊला रक्त, लगेच गोळी. सकाळची हुतात्मा धरून पुण्याला जाणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं: गोळी गाडीत घेतली जाते आणि रक्त दुपारी. त्यापेक्षा चार-पाच दिवस आधी सोलापुरातच रक्त द्या. टॅकसाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळीच लागते, कारण औषध लाल पेशींत भरलेलं असतं आणि मोजायचं पूर्ण रक्तातून. सीरम काढलेल्या नळीचा उपयोग नाही. हे सॅम्पल थंड डब्यातून गेलेलं चालतं. चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ दोन्ही लिहून घ्या. लॅब शक्यतो दर वेळी तीच ठेवा, कारण पद्धत बदलली की आकडा हलतो.

सीडी४ चं उलटं आहे. त्या पेशी यंत्रातून जिवंत जाव्या लागतात, त्यामुळे ती नळी बर्फावर ठेवायची नाही. साधारण १८ ते २५ अंश तापमानात, शक्यतो २४ तासांत लॅबला पोचायला हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला असतो, तेव्हा गाडीच्या डिकीतून पाठवणंही तितकंच वाईट. थर्माकोलचा डबा घ्यायचा आणि नळीला थंड पॅक टेकू द्यायचा नाही.

पेशीवाला

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. सॅम्पल बर्फावरचं असलं तरी आता २१९ चा हिशोब मांडून बघू. एकूण पेशी ३२००, त्याच्या १८ टक्के म्हणजे ५७६ लिम्फोसाइट. त्यातल्या ३८ टक्के सीडी४, म्हणून २१९. टक्केवारी ३८ आहे, ती काही ढासळलेली नाही. आकडा पडलाय तो एकूण पेशीच कमी आहेत म्हणून, आणि त्याची दोन कारणं तुम्हीच लिहिली आहेत: १६ सेंमीची प्लीहा पेशी अडवून धरते (प्लेटलेट ८८ हजार, तेही त्यामुळेच) आणि मायकोफेनोलेट हाडांतली मज्जा (जिथे या पेशी तयार होतात) दाबतं. एकूण पेशी ६००० असत्या तर याच टक्केवारीत सीडी४ ४१० आला असता. एटीजी दिलेल्यांत सीडी४ महिनोन्‌महिने खाली राहतो, तो प्रश्न तुमच्याकडे नाही.

आता मूळ प्रश्न. ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सरचा धोका वाढतो हे खरं आहे. नव्याने होणारे कॅन्सर सर्वसामान्य लोकांच्या साधारण दोन ते चार पट. टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम अडवतं, त्यामुळे टी पेशींना इंटरल्यूकिन-२ चा, म्हणजे वाढण्याचा, हुकूम मिळत नाही. नव्या लिव्हरवर हल्ला करणाऱ्या आणि बिघडलेली पेशी हेरून मारणाऱ्या पेशी एकाच घराण्यातल्या, त्यामुळे दोन्ही एकदम मंदावतात. म्हणूनच संशोधक सीडी४, नॅचरल किलर पेशी, रेग्युलेटरी टी पेशी, सीडी५७ असलेल्या थकलेल्या सीडी८ पेशी हे सगळं मोजत असतात. पण सीडी५७ चा चांगला पुरावा किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल आहे. लिव्हरच्या पेशंटमध्ये 'सीडी४ अमुक खाली, म्हणून औषध अमुक इतकं कमी करा' असा मान्य झालेला उंबरठा नाही. कमी सीडी४ चा आजचा उपयोग संसर्गाच्या बाजूने जास्त: २०० च्या खाली टिकून राहिला तर न्यूमोसिस्टिसची (फुप्फुसाच्या बुरशीजन्य संसर्गाची) भीती असते, आणि तो टाळायला को-ट्रायमॉक्साझोल द्यायचं का हे डॉक्टर ठरवतात.

न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे गुणोत्तर तुमचं ३.९ येतं. इंटरनेटवर '५ च्या वर धोका' असा आकडा वाचून घाबरू नका. तो ऑपरेशनच्या आधीच्या रक्तावरचा आहे.

महागडं पॅनल घेऊ नका. त्यात बहुधा एटीपीवर (पेशीतल्या इंधनावर) आधारित पेशीशक्तीची चाचणी असेल. ती २२५ च्या खाली दुर्बल आणि ५२५ च्या वर जोरदार असं सांगते. एका वेळच्या आकड्यावर कॅन्सरचं भाकीत करता येत नाही. टॉर्क टेनो विषाणूचं प्रमाण ही कल्पना जास्त आशादायक आहे (हा निरुपद्रवी विषाणू प्रतिकार दबला की वाढतो), पण तेही रोजच्या उपचारात आलेलं नाही. ईबीव्ही या विषाणूची (त्यातून ट्रान्सप्लांटनंतर लिम्फग्रंथींचा कॅन्सर होऊ शकतो) पीसीआर लहान मुलांत मोलाची आहे, विशेषतः मूल निगेटिव्ह आणि दाता पॉझिटिव्ह असेल तर. तुमच्या वडिलांना ताप, गाठी, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं काही असेल तरच करावी.

त्यांचा मूळ कॅन्सर परतण्याचा अंदाज लिम्फोसाइटवरून नाही, काढलेल्या लिव्हरवरून बांधतात. रिट्रीट स्कोअर मोजा: एएफपी २१ ते ९९ मध्ये म्हणून १, सूक्ष्म शिरकाव नाही म्हणून ०, सर्वांत मोठी गाठ २.८ अधिक गाठींची संख्या २ म्हणजे ४.८, त्याचा १. एकूण ८ पैकी २. ही खालची पायरी आहे. ज्या केंद्रात हा स्कोअर तयार झाला तिथे १ ते ३ गुणांना दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पोट-छातीचं स्कॅन आणि एएफपी असा क्रम आहे. तुमचं १८ महिन्यांचं स्कॅन झालंय का? रिपोर्टच्या यादीत ते दिसलं नाही, आणि मला सीडी४ पेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

बार्शीकर_ताई

औषधाबद्दल. टॅक स्वतःहून एक कणही कमी करू नका. सगळं ठीक असेल तर दीड वर्षाला ट्रफ साधारण ४ ते ७ च्या आसपास ठेवतात. एका दिवसाच्या लेव्हलपेक्षा वर्षानुवर्षं जास्त मात्रेत राहण्याचा धोका मोठा, म्हणून गेल्या वर्षभरातल्या सगळ्या लेव्हल तारखेनिशी एका कागदावर मांडून पुण्याला न्या.

एव्हरोलिमस विचारण्यासारखं आहे, विशेषतः क्रिएटिनिन १.३ असताना, कारण टॅक किडनीला त्रास देतं. ते आलं की टॅक ३ ते ५ वर आणता येतं आणि एव्हरोलिमसची ट्रफ ३ ते ८ ठेवतात. पण कॅन्सर रोखण्याची हमी म्हणून ते घेऊ नये. याच गटातल्या सिरोलिमसवर सिल्व्हर नावाची मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या ३ ते ५ वर्षांत फायदा दिसला, पुढे तो टिकला नाही. आधी लघवीतलं प्रोटीन आणि कोलेस्टेरॉल तपासा. तोंडात फोड, पायाला सूज आणि कोरडा खोकला हे त्याचे त्रास. हर्नियासारखं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगा, जखम भरत नाही.

आणि ताई, मिश्री. आपल्याकडे तिला कुणी व्यसन धरत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच. प्रतिकार दाबलेल्या माणसाच्या हिरडीवर ती रोज घासणं हा तुमच्या पूर्ण यादीतला सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो आजच थांबवता येतो. दर महिन्याला उजेडात तोंड बघा: दोन्ही गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरडी जिथे मिश्री लागते ती जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला फोड, किंवा त्यांची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर पुण्याची वाट न बघता इथेच सिव्हिलच्या दंत किंवा कान-नाक-घसा विभागात दाखवा. एव्हरोलिमसचे फोड आणि हा फोड यात गल्लत होते, म्हणून औषध सुरू होण्याआधी एकदा तोंड तपासून नोंद करून घ्या. कोलोनोस्कोपी वयाप्रमाणे राहिली असेल तर तीही करून टाका.

होटगी_रोड

मनापासून आभार. १८ महिन्यांचं स्कॅन झालेलं नाही, उद्याच पुण्याला फोन करते. सॅम्पल सोमवारी सकाळी पावणेनऊला, वेळ लिहून. अजून दोन गोष्टी: नातेवाईक गुळवेलीचा काढा द्या म्हणतात, आणि शेतातली डाळिंबं आहेत, त्यांचा रस रोज दिला तर चालेल का?

जांभळी_नळी

गुळवेल अजिबात नको. आपल्या देशातच गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यातल्या कित्येक ऑटोइम्यून स्वरूपाच्या. ट्रान्सप्लांटच्या माणसात 'प्रतिकार वाढवणं' म्हणजे नव्या लिव्हरवर हल्ल्याला बळ देणं. अश्वगंधाही नको.

पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, टॅक मोडणारं एन्झाइम ती अडवतात आणि लेव्हल चढते. डाळिंबाचा पुरावा तितका पक्का नाही, त्यामुळे धुऊन सोललेले मूठभर दाणे खायला हरकत नसावी, पण रोजचा पेलाभर रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि सोमवारच्या सॅम्पलआधी तर नकोच. त्या आठवड्यात जुलाब झाले किंवा कुणी क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल दिलं तरी लेव्हल वर जाते. तसं काही असेल तर चिठ्ठीवर वेळेशेजारीच लिहा.