गोळी रोज घेते, तरी टीएसएच वाढला कसा?

वय ४४, राहणार डोंबिवली. दीड वर्षापासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. मार्चमध्ये टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ३.९ होता, आता थेट ९.८! कंगव्यात केसांचा पुंजका, दुपारी डोळे मिटतात. सासूबाई म्हणतात, कोबी खाऊ नकोस. एक दिवसही गोळी चुकवलेली नाही हो. पहाटे डबा करता करता चहाबरोबर घेते, सोबत रक्तवाढीची नवी गोळी.

उत्तर १ : ताई, गोम तिथेच आहे! लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यात अडवून धरतात. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. मी उशाशी तांब्या आणि डबी ठेवते, गजर बंद केला की आधी गोळी.

उत्तर २ : शिजवलेल्या कोबीला बिचाऱ्याला सोडा. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) केलंय का? ते जास्त आलं तर बहुधा हाशिमोटो, म्हणजे शरीरच स्वतःच्या ग्रंथीवर उठतं. डोस मनाने वाढवू नका, धडधड सुरू होते. आणि लगेच पुन्हा रक्त देऊ नका, टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात.

मूळ प्रश्नकर्ती : अगंबाई, लोहाची गोळी एप्रिलमध्येच सुरू झाली! डॉक्टरांना फोन केला. लोह आता रात्री जेवणानंतर, डोस तोच, तपासणी दोन महिन्यांनी. पण चहाविना तो अर्धा तास... कठीण आहे.